चार वाजून त्रेचाळीस

प्रकाशाच्या पुढं काही पळत नाही. हे वाक्य मी बेंबळीत चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. पोरं मान खाली घालून उतरवून घ्यायची आणि मी पुढच्या धड्याकडं वळायचो. ते उतरवून न घेता हात वर करणारं पोरगं आख्ख्या नोकरीत मला एकच भेटलं. अमरदीप. नववी ब. म्हणाला, "सर, का न्हाय पळत?"

"न्हाय म्हणजे न्हाय. बस खाली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. "सर, लई इचार केला. पण का?"

माझा राग सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. बलभीम सर म्हणजे खडू फेकून मारणारे सर; आजच्या दोन सरपंचांच्या कपाळावर माझा नेम बसलेला आहे. पण या पोरावर मी कधी खडू उचलला नाही. त्याला मी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात घेऊन गेलो. त्यानं थर्माकोलचं यान केलं होतं, चंदेरी कागद लावून. परीक्षक म्हणाले, "वा! हे चंद्रावर जाणार का?" हा म्हणाला, "न्हाय. शेजारच्या ताऱ्यावर. प्रकाशाला सव्वाचार वर्षं लागत्यात, मला आठ दिवसांत जायचंय." परीक्षक पोट धरून हसले. मला असा संताप आला की विचारू नका. येताना एसटी स्टँडवर मी त्याला भजी खाऊ घातली आणि म्हणालो, "त्यांचं सोड. पण लेका, तुझंबी चुकलंच आहे बरं का. नाही जाता येत."

तिथून आमचा वाद सुरू झाला तो सतरा वर्षं चालला.

अमरदीप पुढं आयटीआय झाला आणि आमच्या गावाबाहेरच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या देखभालीला लागला. नव्वद मीटरचे टावर. आतल्या शिडीनं वर चढायचं, वरच्या खोलीत यंत्र तपासायचं, खाली उतरायचं. जोडीला सिद्रामप्पा. वर जायचं तर दोघांनीच, एकट्यानं नाही, हा कंपनीचा कडक नियम. गुरुवारी त्याला सुट्टी. दर गुरुवारी चार वाजता हा माझ्या ओट्यावर हजर. मी रिटायर झालेलो, मलाही दुसरं काय होतं? चहा यायचा आणि आमची जुंपायची.

"सर, वस्तू ढकलायचीच न्हाय. जागाच दुमडायची. म्होरची जागा आकसायची, मागची फुगवायची, यान आपलं मधी निवांत. चौऱ्याण्णव साली एका मेक्सिकन शास्त्रज्ञानं गणित मांडलंय."

"मांडलंय ना? मग त्याला लागणारी उणे ऊर्जा कुठून आणायची? तुझ्या बापाच्या रानातून?"

त्याच्या बापाला रान नव्हतं. राजपाल आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबला. बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, पण शब्द सुटला होता. अमरदीप नुसता हसला. त्यानं माझं असलं बरंच काही हसून सोडून दिलेलं आहे.

मग मी माझा हुकमी पत्ता टाकायचो. "हे बघ. तू इथून तामलवाडीला निरोप धाडलास आणि तो प्रकाशाच्या पुढं पळाला, तर जगात कुणीतरी असा बघणारा असतोच की ज्याला निरोप आधी पोचलेला दिसतो आणि तू धाडलेला नंतर दिसतो. त्यानं तसाच जबाब उलट धाडला तर तू सवाल करायच्या आधी जबाब तुझ्या हातात. चोरी व्हायच्या आधी पंचनामा! असल्या जगात एक नियम टिकंल का? म्हणून तिथं कुंपण आहे. यान असो का निरोप असो, कुणालाच पलीकडं सोडत नाही."

"कुंपण हाय म्हणजे पलीकडं काहीतरी असंल की सर."

"चहा पी."

खरं सांगतो, मला त्या वादाची चटक लागली होती. तो संपावा असं मला कधी वाटलं नाही. फक्त दर गुरुवारी मीच जिंकावं, एवढंच वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर तो एका मंगळवारी आला. कामाच्या कपड्यातच. चहा नको म्हणाला. तेव्हाच मला काहीतरी खटकलं.

"सर, चौदा नंबरचा टावर येड्यावानी करायलाय."

प्रत्येक टावरच्या पायथ्याशी एक स्क्रीन असतो. वर काही झालं, दरवाजा उघडला, बटण दाबलं, धूर झाला, की त्याची नोंद फायबरच्या केबलमधून खाली येते आणि वेळेसकट स्क्रीनवर पडते. अमरदीप म्हणाला, चौदा नंबरची नोंद आधी पडायली. त्यानं वर बटण दाबलं अकरा वीस नऊला, नोंद पडली अकरा वीस सहाला.

"घड्याळ तीन सेकंद मागं आहे," मी म्हणालो. "एवढ्यासाठी आलास व्हय?"

"आधी मलाबी तसंच वाटलं. मग पुढच्या खेपेला चाळीस सेकंद. परवा नऊ मिनिटं. आणि सर, घड्याळ मागं असलं तर नुसती वेळ चुकंल. नोंद बटण दाबल्यावरच पडंल ना? मी खाली उभा व्हतो. स्क्रीनवर नोंद पडली, 'वरचं बटण दाबलं', आणि वेळ नऊ मिनिटं म्होरची. वर तर कुणीच नव्हतं! मी म्हणलं, बघूच, आज वर जातच न्हाय. तर सिद्रामप्पा दुसऱ्या एकाला संगं घेऊन वेगळ्या कामाला वर गेला आणि त्याचा कोपर लागला. बरोबर त्याच मिनिटाला."

माझ्या अंगावर काटा आला. आला, पण मी तो झटकून टाकला. मास्तर माणूस, पोरापुढं काटा दाखवायचा नसतो.

"अमऱ्या, दोन हजार अकरा साली युरोपात काय झालं ठाऊक आहे? मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनो नावाचे कण सातशेतीस किलोमीटर जमिनीतून धाडले. ते प्रकाशाच्या साठ अब्जांश सेकंद आधी पोचले. सगळ्या जगात बोंब! आईनस्टाईन खोटा पडला म्हणून! शेवटी काय निघालं? फायबरची एक केबल ढिली बसली होती. नीट बसवली, कण गपगुमान रांगेत. तेव्हा शंका आली की आधी केबल बघ. तुझीबी केबलच आहे."

 तो म्हणाला, "तुमच्याच हिशेबानं सर, निरोप आधी पोचायलाय म्हणजे काहीतरी प्रकाशाच्या म्होरं पळायलंय."

"केबल बघ," मी म्हणालो.

येळवशीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा आला. या खेपेला संगं वृषाली, त्याची बायको. अंगणवाडीत शिकवते, मोजकं बोलते. तिनं एक कागद माझ्या हातात दिला. टावरच्या स्क्रीनची नोंद, छापून आणलेली. तीन ओळी होत्या. टावर चौदा. १६:४२:१० वरच्या खोलीत धूर. १६:४३:२४ खालचं लाल बटण दाबलं. १६:५१:०० संपर्क तुटला. त्याच्या खाली काहीच नव्हतं. आणि तारीख उद्याची होती.

"सर," वृषाली म्हणाली, "तुम्हीच सांगा ह्यांना. उद्या चौदा नंबरकडं फिरकू नका म्हणून. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतेत."

येळवस म्हणजे आमच्याकडं मोठा सण. त्या अमावस्येला गावात चिटपाखरू राहत नाही. सगळी माणसं रानात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबील खायचं, पाव्हण्यांना बोलवायचं. त्या दिवसाची ड्युटी अमरदीप दरवर्षी स्वतः मागून घ्यायचा. सिद्रामप्पाला रान होतं, याला नव्हतं. त्या दिवशी वर चढायचं नसतं. खाली बसून नुसती राखण करायची. म्हणजे वृषालीचं मागणं किती लहान होतं बघा. जाऊ नको, एवढंच म्हणायचं होतं मला.

आणि मी काय म्हणालो?

"सतरा वर्षं तुझ्यापुढं डोकं फोडलं ते याच्यासाठी? छापलेल्या कागदाला घाबरायला? हे ज्योतिष झालं अमऱ्या! उद्या पंचांग घेऊन बसशील. केबल बघितलीस का?"

"बघितली. घट्ट वाटती."

"वाटती! काढून परत बसवलीस का? नाही ना? ते काही नाही. उद्या मी स्वतः येतो. तू वर जा, केबल काढ, पुसून परत बसव. मी खाली उभा राहतो. पावणेपाच वाजू दे. काही होत नाही, मग हा कागद आपण दोघं मिळून फाडू."

"सर, एकट्यानं चढायचं न्हाय, नियम हाय," वृषाली म्हणाली.

"एकटा कुठं? मी आहे की खाली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली नाही, उलट जास्तच ताठ बसलो. अमरदीपनं मान हलवली. त्यानं मला कधी नाही म्हणलेलंच नव्हतं. वर्गात हात वर करून शंका विचारणं वेगळं, सरांचा शब्द मोडणं वेगळं. आमच्याकडची पोरं अशीच. आपल्या जिवापेक्षा मास्तरांचा मान त्यांना मोठा वाटतो, आणि आम्ही मास्तर लोक तो बिनदिक्कत घेतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन माळावर गेलो. कडूबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, दोघांपुरतं बांधून दिलं होतं. टावरच्या सावलीत बसून आम्ही जेवलो. खाली चारी बाजूंना रानं माणसांनी भरलेली. जिथं बघावं तिथं कोप, पोरांचा दंगा, झाडाला झोके. वारा अजिबात नव्हता. चौदा नंबरचा पंखा त्यानं स्क्रीनवरून आधीच थांबवून ठेवला होता, पण बाकीचे चालू असलेले पंखेसुद्धा उभेच होते. मला ते आवडलं नाही. 

आंबील पिता पिता तो म्हणाला, "सर, समजा नोंद खरी असली तर?"

"तर मी चौतीस वर्षं पोरांना खोटं शिकवलं."

"खोटं न्हाय सर. अपुरं असंल."

"भीती वाटती का?"

"वाटती की. पण बघावंबी वाटतंय." तो हसला. अगदी नववीतला हसला. "तुमाला न्हाय वाटत?"

 चढायच्या आधी त्यानं मला दारातलं लाल बटण दाखवलं. "काही झालंच तर हे दाबा सर. वरचा सगळा करंट तुटतो. एवढं दाबलं की निम्मं संकट टळलं." मी म्हणालो, "काही होणार नाही." तो शिडीनं वर गेला. आतून त्याच्या बुटांचा आवाज येत राहिला, मग तोही बारीक होत गेला.

सव्वाचारला फोन आला. "पोचलो सर. केबल बघितली. घट्टच हाय."

इथं मला 'ये खाली' म्हणता आलं असतं. कागदावर पहिली ओळ चार बेचाळीसची होती, पंचवीस मिनिटं हातात होती. मी म्हणालो, "काढून परत बसव."

"त्याला मोठं कव्हर काढावं लागतंय. शेजारीच जाड वायरी हायत. खालनं करंट बंद करा मग."

"करंट बंद केला तर स्क्रीन बंद पडंल. मग फरक पडला का नाही कसं कळणार? चालू ठेवूनच कर. जपून."

 तो म्हणाला, "बरं सर."

साडेचार. चार पस्तीस. चार चाळीस. मी दारात उभा, एका हातात कागद, दुसऱ्या हातात फोन. स्क्रीनवर आदल्या दिवशीच्या त्याच तीन ओळी होत्या आणि मला खरंच हसू यायला लागलं होतं. आता हा खाली येईल, त्याला म्हणीन, फाड. मनातल्या मनात मी ते वाक्य घोळवत होतो. कसं म्हणायचं, जरा रुबाबात म्हणायचं का साधंच म्हणायचं.

मग वर काहीतरी फाटकन वाजलं. मान वर केली तर पांढऱ्या खोलीच्या फटीतून काळा धूर निघत होता.

फोनवर तो ओरडला, "सर, पॅनल पेटलं! खालचं बटण दाबा!"

मी घड्याळ बघितलं. चार बेचाळीस.

आता जे सांगतो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. माझा हात बटणाकडं गेला आणि थांबला. कागद डोळ्यांपुढं होता. चार त्रेचाळीस, खालचं लाल बटण दाबलं. ते दाबणारा हात माझा होता! कालच्या कागदावर माझा आजचा हात छापलेला होता. माझं डोकं असं चाललं, की मी बटण दाबलं तर ही ओळ खरी होणार. ती खरी झाली तर तिसरीपण खरी होणार. आणि नाहीच दाबलं तर? तर नोंद खोटी पडली. एक ओळ खोटी पडली की साखळी तुटली, मग पुढचं काही घडणारच नाही. अमरदीप वाचणार. मी त्याला वाचवायलाच थांबलो होतो, असं मी स्वतःला रोज सांगतो.

ते पुरतं खरं नाही. आतून दुसरंही एक माणूस बोलत होतं. ते म्हणत होतं, दाबू नको, दाबलंस तर तू हरलास.

"सर! बटण! सर!"

मी उभा होतो. वरून जळक्या प्लास्टिकचा वास खाली आला. फोनमध्ये त्याचा खोकला. मग तो 'सर' म्हणायचा थांबला, नुसता खोकला, आणि मला सहन झालं नाही. मी बटणावर पंजा आपटला. स्क्रीन लगेच विझला नाही. आधी त्यानं शेवटचं दाखवलं. नवी ओळ आलीच नाही. कालचीच ओळ तिथं होती, तिच्या जागेवर. शेजारी घड्याळ. १६:४३:२४.

करंट तुटला होता, पण तोवर वरच्या यंत्रातल्या तेलानं पेट घेतला होता. दोरीवरून बाहेर उतरायची पेटी दाराजवळ, आणि दार आगीच्या पलीकडं. मी फोनवर ओरडत होतो, दार उघड, खिडकी फोड, काय वाटेल ते. खालच्या रानात एवढी माणसं होती, पण आधी कुणी धावलं नाही. येळवशीला दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून पिकातून फिरवतात, त्याला हेंडगा म्हणतात. कुणीतरी माळावर हेंडगा लवकर पेटवला, असं म्हणून लोक बघत राहिले. पोरं टाळ्या वाजवत होती.

"सर," त्याचा आवाज आला. अगदी शांत. "किती वाजता दाबलं?"

मी विझलेल्या स्क्रीनकडं बघितलं.

"सर, किती वाजले व्हते?"

"चार त्रेचाळीस."

तो खोकला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "बघा. आलं बरोबर." आणि थोड्या वेळानं, जसा ओट्यावर बसून म्हणायचा तसाच म्हणाला, "सर, पळतं बघा. प्रकाशाच्या म्होरं पळतं."

त्यानंतर तो काही बोलला नाही. चार एक्कावन्नला फोन तुटला. मी तोवर तो कानालाच धरून होतो.

तो धुरानं गेला, आगीनं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगितलं की घरच्यांना बरं वाटतं असा त्यांचा समज असावा.

आठवड्यानं कंपनीचा इंजिनिअर आला. तरुण होता, नम्र होता. मी त्याच्यापुढं तो कागद ठेवला. आदल्या दिवशी छापलेला आहे म्हणून सांगितलं. त्यानं उलटसुलट बघितलं आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "सर, घड्याळाची चूक असणार. नाहीतर केबल ढिली असेल. हे असं होऊच शकत नाही." तोच सूर, तेच शब्द! मी त्याच्याकडं बघत राहिलो. मी विचारलं, "केबल ढिली निघाली का?" तो म्हणाला, "नाही. जेवढी सापडली तेवढी व्यवस्थित होती."

अहवालात काय येणार तेही तो सांगून गेला. कर्मचारी नियम मोडून स्वतःच्या मर्जीनं एकटा वर चढला. करंट चालू ठेवून कव्हर उघडलं. चूक कर्मचाऱ्याची.

त्या दिवशी मी घरी येऊन बसलो आणि फळा असता तसा तो सगळा प्रसंग पहिल्यापासून मांडला. धूर चार बेचाळीस दहाला. बटण त्रेचाळीस चोवीसला. मध्ये चौऱ्याहत्तर सेकंद. मी नोंद खोटी पाडायला थांबलो होतो. बरं. नोंद खोटी पाडायचीच होती ना?

मग बेचाळीसलाच दाबायचं!

त्यानं पहिल्यांदा 'बटण' म्हणलं तेव्हा दाबलं असतं तर घड्याळात बेचाळीसच असतं. त्रेचाळीसची ओळ तिथंच खोटी पडली असती. साखळी तुटली असती, माझं विज्ञान राहिलं असतं, आणि तेल पेटायच्या आधी करंट गेला असता. नववीतल्या पोराला सुचलं असतं एवढं सोपं. चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला नाही सुचलं, कारण त्या वेळी माझ्या डोक्यात अमरदीप नव्हताच. वाद होता. मी जोरानं भिंतीवर डोकं आपटलं. कडूबाई धावत आली, मी तिला आत जा म्हणालो.

वृषाली तेराव्या दिवशी भेटली. कर्मकांड काही नव्हतं, बुद्धवंदना झाली, लोक निघून गेले. तिनं मला पाणी आणून दिलं. मला! मग समोर बसली आणि म्हणाली, "सर, एकच विचारायचंय. ह्यांनी फोनवर सांगितल्यावर तुम्ही बटण लगेच दाबलं ना?"

मी म्हणालो, "लगेच."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "म्हणजे ते होणारच होतं."

ते वाक्य ऐकून मी तसाच उठलो. चप्पल उलटी घातली हेही मला रस्त्यात कळलं.

सोमवारी कंपनीचा अहवाल तिच्या हातात पडणार आहे. त्यात चूक अमरदीपची आहे असं लिहिलेलं असेल. त्यासोबत चौदा नंबरची नोंद जोडलेली असेल, धुराची आणि बटणाची अशा त्या दोन ओळी, सेकंदासकट. वृषाली वजाबाकी करणारी बाई आहे. म्हणून मी हे सगळं लिहून काढलं आहे. त्याला वर मी चढवलं, करंट मी चालू ठेवायला लावला, आणि ते होणारच होतं हे साफ खोटं आहे. आज शुक्रवार. हे कागद आजच तिच्या दारात नेऊन द्यायचे, आणि ती वाचेपर्यंत तिथंच उभं राहायचं. निरोप एकदा तरी वेळेच्या आधी मी स्वतः पोचवायचा.

चौऱ्याहत्तर सेकंदांत प्रकाश दोन कोटी बावीस लाख किलोमीटर जातो. माझा हात बटणापासून वीतभर लांब होता.